नऊशे बारा नव्हे, नऊ-बारा

हे प्रकरण बेळगावातल्या एका पदवी कॉलेजातलं आहे. मी तिथे बीसीएच्या, म्हणजे संगणकाच्या पदवीच्या, पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. विद्यार्थिनीचं नाव बदललं आहे, गाव सांगत नाही, आणि तिला विचारूनच लिहितो आहे. तिला रेणुका म्हणू.

पार्श्वभूमी

रेणुका खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कन्नड एक विषय म्हणून शिकलेली. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्स घेतलं. पुस्तकं इंग्रजीत, शिकवणारे अर्धं कन्नडमध्ये आणि अर्धं मराठीत समजावणार, आणि मुलं पेपरात पाठ केलेलं इंग्रजी लिहिणार. आमच्या भागात हे काही नवीन नाही. तिच्या कॉलेजात कॉमर्सला गणिताचा वर्गच नव्हता, त्यामुळे दहावीनंतर गणिताशी तिचा संबंध आला तो फक्त जमाखर्चापुरता.

घरी भातशेती. वडिलांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, म्हणून सातवी-आठवीपासून तो वाचायचं काम रेणुकाचं. तिघा काकांची वाटणी निघाली तेव्हा कुणाच्या वाट्याला किती येतं ते तिनेच कागदावर मांडून दिलं होतं. हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढचे तीन आठवडे वाया गेले नसते.

आमच्याकडे नियम असा की पीयूसीला ज्यांनी गणित घेतलं नाही, त्यांनी पहिल्या सेमिस्टरमध्येच संगणकासाठी लागणारं मूलभूत गणित येतं हे दाखवून द्यायचं. तीन भाग: संख्यापद्धती, तर्क आणि संच, आणि मोजणी म्हणजे क्रमपर्याय-संयोग. ५० मार्कांचा पेपर, इंग्रजीत, पास व्हायला २५.

रेणुकाला १४ मिळाले.

अडचण

चौदा मार्कांची मुलं दरवर्षी पाच-सहा असतात. त्यांच्यासाठी ठरलेलं वाक्य असतं: पाया कच्चा आहे. मीही तेच म्हणून पेपर बाजूला ठेवला होता. नंतर फेरतपासणीसाठी गठ्ठा पुन्हा हाताळताना एका उत्तरावर नजर अडकली.

प्रश्न होता, १५६ ही संख्या हेक्साडेसिमलमध्ये लिहा. हेक्साडेसिमल म्हणजे सोळाचा पाया. दहापर्यंत जाऊन हातचा घेण्याऐवजी सोळापर्यंत जायचं. त्यात दहा ते पंधरा या किमतींसाठी ए ते एफ ही अक्षरं वापरतात. बरोबर उत्तर ९सी. रेणुकाने लिहिलं होतं ९१२. मी लाल पेनाने काट मारून शून्य दिलं होतं.

पण १५६ ला १६ ने भागलं तर भागाकार ९ आणि बाकी १२. भागाकार बरोबर, बाकी बरोबर. चुकली ती फक्त लिहिण्यात. बारा हा एकच अंक मानायचा असतो आणि म्हणून त्याला एकच चिन्ह लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर मी वर्गात सांगितलं होतं, पण इंग्रजीत, एका वाक्यात, आणि पुढे गेलो होतो.

मग मी सगळा पेपर नव्याने वाचायला घेतला आणि उलटा धक्का बसला. ४५ बायनरीत, म्हणजे दोनच्या पायात फक्त ० आणि १ वापरून, लिहा या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी होते. उत्तर १०११०१, बरोबर. पण कच्च्या कामाच्या पानावर तिने दोनने भागत गेल्यावर बाक्या वरून खाली वाचल्या होत्या. त्या खालून वर वाचायच्या असतात. ४५ च्या बाक्या दोन्हीकडून सारख्याच येतात, म्हणून चूक झाकली गेली. पेपर काढताना ४५ हा आकडा मीच घेतला होता, काही विचार न करता. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून ४४ करायला दिलं. तिने बाक्या काढल्या आणि वरून खाली वाचत लिहिलं ००११०१. ते तेरा होतात. उत्तर हवं होतं १०११००.

म्हणजे जिथे तिला समजलं होतं तिथे मी शून्य दिलं होतं आणि जिथे समजलं नव्हतं तिथे पैकीच्या पैकी. चौदा हा आकडा तिच्याबद्दल काहीच सांगत नव्हता. पाया कच्चा होता, पण तो माझ्या पेपराचा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. मागचे पेपर द्यायचे, पंधरा दिवस तेच घोटून घ्यायचं, पुन्हा परीक्षा. अशी मुलं पास होतात. पुढच्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर, म्हणजे संगणकात माहिती रचून ठेवण्याचा विषय, सुरू झालं की तीच मुलं पुन्हा समोर येऊन बसतात, हेही मी पाहिलं आहे.

दुसरा पर्याय कॉलेजच्या रविवारच्या ब्रिज क्लासचा, म्हणजे मागे राहिलेलं भरून काढायच्या जादा वर्गाचा. तो इंग्रजीत चालतो आणि संध्याकाळी साडेपाचला सुटतो. तिच्या गावाकडे जाणारी बस गाठायची तर पाचलाच निघावं लागतं. पावसाळ्यात तर जांबोटीच्या वाटेवर बसचा तेवढाही भरवसा नाही. दोन रविवार ती आली आणि दोन्ही वेळा शेवटचा अर्धा तास सोडून गेली. हजेरीवहीत तिच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडला होता.

तिसरा पर्याय मी मांडला: तोंडी परीक्षा, ती ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत, आणि सोबत तिने स्वतः केलेलं एखादं काम पुरावा म्हणून.

विभागप्रमुखांनी लगेच विचारलं, "मग कन्नड आणि उर्दू माध्यमातल्या मुलांनी काय करायचं? तुम्ही मराठी म्हणून मराठी मुलीला सवलत?" प्रश्न टोचला, पण रास्त होता. बेळगावात भाषेचा प्रश्न कुठल्याही खोलीत आपोआप येऊन बसतो. गणिताच्या खोलीत तो येऊ नये असं मला वाटत होतं, पण तो आधीच पेपरात होता, इंग्रजीच्या रूपाने.

शेवटी ठरलं ते असं. २५ च्या खाली असलेल्या कुणालाही तोंडीचा मार्ग खुला. परीक्षक दोन, त्या दोघांना येणाऱ्या कुठल्याही भाषेत बोलायचं. मात्र फळ्यावर लिहायचं ते चिन्हांत आणि शेवटी इंग्रजी संज्ञाही सांगायची, कारण विद्यापीठाचा पेपर इंग्रजीतच येणार आहे. दुसरे परीक्षक म्हणून संगणक विभागातले एक सहकारी आले, मातृभाषा कन्नड. हा निर्णय मी निव्वळ नाइलाजाने मान्य केला होता. पुढे तोच सगळ्यात उपयोगी पडला.

काय केलं: आणे आणि गुंठे

तीन आठवडे सोळाच्या पाढ्यांत गेल्यावर एका बैठकीत मी ९१२ वर बोट ठेवून विचारलं, "हे कसं आणलंस?"

"सोळाने भागलं सर. नऊ आले, बारा उरले." मग थोडं थांबून म्हणाली, "हे आमच्या उताऱ्यासारखंच की वो. सोळा आण्यांचा गुंठा. एकशे छप्पन्न आणे म्हणजे नऊ गुंठे बारा आणे."

कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आण्यांत असतं. सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयातले आणे १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा गेले, जमिनीतले राहिले. तिने वाटणीच्या वेळी केलेली बेरीज मला करून दाखवली. २ एकर ३५ गुंठे १२ आणे आणि १ एकर १० गुंठे ८ आणे. आणे वीस, त्यातले सोळा काढून एक गुंठा हातचा, उरले चार. गुंठे पस्तीस, दहा आणि हातचा एक म्हणून शेहेचाळीस, त्यातून चाळीसचा एक एकर, उरले सहा. एकूण ४ एकर ६ गुंठे ४ आणे. कागद न उचलता, बोलता बोलता.

"मग नऊ गुंठे बारा आणे तू ९१२ असं लिहिशील का उताऱ्यावर?"

"छे. मग ते नऊ-बारा का एक्क्याण्णव-दोन, कळणार कसं?"

यापुढे मला फारसं काही सांगावं लागलं नाही. उताऱ्यावर आकडे वेगळे काढलेले असतात. हेक्साडेसिमलमध्ये ते एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून बाराला एकच चिन्ह हवं. तिने स्वतःच विचारलं, "म्हणून तो सी होय?" मी वर्गात हेक्साडेसिमल तीन वर्षं शिकवतो आहे. ती अक्षरं का लागतात हे मला इतकं नेमकं कधी सांगता आलं नव्हतं.

इथे मी वाहवलो. पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला आणे आणि गुंठे शिकवायला घेतले. शहरातली, टिळकवाडीतली मुलं कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. त्यांना हेक्साडेसिमल आधीच येत होतं आणि आणे येत नव्हते. मग अपूर्णांकांसाठी शेर, पावशेर, छटाक काढले. दशांश ०.१ बायनरीत नेमका का लिहिता येत नाही हे त्या वजनांवरून छान दिसतं: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा अशी निम्म्यानिम्म्याची वजनं कितीही घेतली तरी एक दशांश शेर तोलून होत नाही. उदाहरण चोख, पण रेणुकाने उभ्या जन्मात शेर पाहिलेला नाही. तिच्या घरी किलो आहे. तिला पटलं ते पडद्यावर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ आलेली पाहून. मग कॉमर्सवालीने लगेच तोडगाही सांगितला, की रुपये नकोत, सगळं पैशात मोजायचं, पूर्णांकात.

आण्यांचीही एक हद्द लागली. तिला ३०० दिले तर तिने लिहिलं अठरा-बारा, आणि थांबली. गुंठे एकोणचाळीसपर्यंत चालतात ना, मग अठरा गुंठ्यांत वावगं काय? हेक्साडेसिमलमध्ये मात्र प्रत्येक घराला सोळाच. अठराचे पुन्हा एक आणि दोन करायचे, म्हणजे १२सी. उताऱ्यात प्रत्येक घराचा पाया वेगळा असतो, इथे सगळ्या घरांचा एकच. ही चूक तिने तीनदा केली. ती माझ्या उदाहरणामुळे झाली होती, तिच्यामुळे नाही.

काय केलं: आठशे शहाण्णव

पुराव्याचं काम तिने स्वतः सुचवलं. तालुक्याच्या कचेरीत नावं कन्नडमध्ये लिहून द्यावी लागतात. देवनागरीत टाइप केलेलं नाव आपोआप कन्नड अक्षरांत आणता येईल का?

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. देवनागरी 'क' चा २३२५, कन्नड 'क' चा ३२२१. फरक ८९६. 'म' २३५०, कन्नड 'म' ३२४६. फरक पुन्हा ८९६. भारतीय लिप्यांचे संच एकाच आराखड्यावर बसवलेले असल्याने बहुतेक अक्षरं अशीच रांगेत येतात. आठशे शहाण्णव हेक्साडेसिमलमध्ये ३८०, हे तिने न विचारता काढलं.

पायथॉन या संगणकभाषेत चार ओळींचा प्रोग्राम: प्रत्येक अक्षराचा क्रमांक घ्या, ८९६ मिळवा, परत अक्षर करा. 'रेणुका' नीट आलं. पूर्ण नाव घातल्यावर मात्र नाव आणि आडनावाच्या मध्ये दाराच्या चौकटीसारखं एक ग्रीक अक्षर उभं राहिलं. मोकळ्या जागेचाही क्रमांक असतो, ३२. त्यात ८९६ मिळवले की ९२८, म्हणजे ग्रीक मोठा पाय.

तेव्हा अट घालणं आलं: क्रमांक देवनागरीच्या पट्ट्यात, २३०४ ते २४३१ मध्ये असेल तरच मिळवा. तिने लिहिलं, क्रमांक २३०४ पेक्षा कमी नसेल किंवा २४३१ पेक्षा जास्त नसेल. चौकट जागची हलेना. ती दोन दिवस बेरीज तपासत बसली. मी सांगितलं नाही, आणि हा मला आजही योग्य वाटणारा निर्णय आहे. तिसऱ्या दिवशी तिने एक तक्ता करून आणला. डावीकडे ३२, २३२५, ३२२१, उजवीकडे दोन्ही अटींचे खरं-खोटं. 'किंवा' घेतलं की तिन्ही ओळी खऱ्या. जगातला कुठलाही आकडा एकतर २३०४ च्या वर असतो नाहीतर २४३१ च्या खाली. तिथे 'आणि' हवं होतं.

याच तक्त्यावरून डी मॉर्गनचा नियम गळी उतरला, जो मी पेपरात विचारला होता आणि तिने कोरा सोडला होता. 'आणि' असलेली अट नाकारली की आतल्या दोन्ही अटी उलटतात आणि 'आणि' चं 'किंवा' होतं. पट्ट्याबाहेर म्हणजे २३०४ च्या खाली किंवा २४३१ च्या वर.

आणे तिला मदतीला आले, पण इथे मराठी आड आली, हे सांगायला हवं. उत्पन्नाचा आणि जातीचा असे दोन दाखले लागतात, तर अर्ज केव्हा परत येतो? ती म्हणाली, "दोन्ही दाखले नसले की." आपण बोलताना 'दोन्ही नाहीत' म्हणतो तेव्हा एकही नाही असंच समजतो. एक आहे, दुसरा नाही, ही स्थिती त्या वाक्यात मावत नाही. मातृभाषेत शिकवलं की सगळं सोपं होतं असं मी एकेकाळी ठासून सांगत असे. हल्ली विषय कोणता आहे ते आधी विचारतो.

निकाल

पाच आठवड्यांनी तोंडी परीक्षा झाली, चाळीस मिनिटं. संख्यापद्धतीत तिला अडवायला जागा नव्हती. तर्काच्या भागात सहकाऱ्यांनी कन्नडमध्ये एक फसवा प्रश्न टाकला. तिने उत्तर मराठीत दिलं आणि तक्ता फळ्यावर इंग्रजी संज्ञांत मांडला. मग त्यांनी प्रोग्राममध्ये 'बेळगावी' टाकायला सांगितलं आणि आलेलं कन्नड वाचून हसले. "बे लांब झाला. आम्ही आखूड लिहितो." कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे आहेत, मराठी लिहिण्यात एकच, आणि बेरजेने तो नेहमी दीर्घच होतो. मला एकट्याला हे कधीच दिसलं नसतं.

तिसरा भाग, मोजणीचा, तिला जमला नाही. सूत्रं पाठ होती, पण क्रम महत्त्वाचा आहे की नाही हे तिला प्रश्नावरून ओळखता येईना. पाच आठवड्यांपैकी या भागाला आम्ही जेमतेम चार तास दिले होते. आणे आणि अक्षरांत मला गोडी लागली होती, तिलाही, आणि कंटाळवाणा भाग दोघांनीही पुढे ढकलला.

समितीने दोन भाग मान्य केले आणि तिसरा दुसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला पुन्हा द्यायला लावला. विभागप्रमुखांचं म्हणणं होतं की तिन्ही एकदम मान्य करून टाकू, मुलगी हुशार आहे. मी विरोध केला. रेणुका दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पुढे तो भाग तिने लेखी दिला आणि काठावर पास झाली.

त्या वर्षी तोंडीचा मार्ग आणखी दोघांनी घेतला. एक उर्दू माध्यमाचा मुलगा पास झाला. निपाणीकडचा एक मराठी मुलगा तोंडीतही अडकला. त्याला खरोखरच येत नव्हतं, आणि ते चाळीस मिनिटांत स्वच्छ दिसलं.

पुन्हा वेळ आली तर

मार्क देण्याआधी कच्चं काम वाचेन. पन्नास पेपर असतील तर निदान नापासांचं तरी. ४५ काढून ४४ केला आहे. तसा किरकोळ बदल, पण त्या वर्षी ४५ ला पूर्ण मार्क मिळवलेल्यांत रेणुकासारखे किती होते हे आता कळायला मार्ग नाही.

पहिल्या बैठकीतच विचारेन की घरी हिशेब कोण करतं आणि कशाचा. तीन आठवडे मी तिला सोळाचे पाढे देत बसलो होतो.

एकाचं उदाहरण सगळ्या वर्गावर लादणार नाही. आणि वेळापत्रक आधी लिहून ठेवेन, मोजणीला निम्मा वेळ राखून, मग अक्षरांचा खेळ कितीही रंगला तरी.

ब्रिज क्लास आता साडेचारला सुटतो. यासाठी फक्त एक अर्ज लागला. तो तीन वर्षांत कुणी केला नव्हता, मीही नाही.

रेणुका आता तिसऱ्या सेमिस्टरला आहे. तिच्या प्रोग्राममध्ये 'कॉलेज' टाकलं की 'क' च्या पुढे रिकामा चौकोन यायचा, कारण 'ऑ' च्या चिन्हाला कन्नड पट्ट्यात जोडीदार नाही. गेल्या महिन्यात तिने ते दुरुस्त केलं: २३७७ दिसला की आधी २३६६ करायचा, म्हणजे ऑचा काना होतो, मग ८९६. आता 'कालेज' येतं. कन्नडमध्ये त्याच्या शेवटी उकार देऊन 'कालेजु' लिहितात. तो उकार कुठल्या बेरजेने आणायचा हे ती माझ्या सहकाऱ्यांना विचारत होती.